लुगड्याचं दुसरं टोक

बत्तीस वर्षं मी एका गोऱ्या माणसाच्या तब्येतीची काळजी केली. सख्ख्या बापाची नसेल केली तेवढी. पेपरात कोण्या इंग्रज नटाच्या मरणाची बातमी दिसली की मी आमच्या तेजस्विनीले विचारायचो, "पाह्य बरं पोरी, आपला तं नाही ना?" ती नाव वाचायची आणि म्हणायची, "नाही पप्पा, दुसराच आहे." मंग मले चहा गोड लागायचा. तो मेला असता तं मी बदला कोणाचा घेतला असता?

त्याचं नाव लेनर्ड कॉपली. आता सर लेनर्ड कॉपली. त्यांच्याकडे मोठ्या माणसाच्या खांद्यावर तलवार टेकवतात आणि त्याले सर करतात. मी म्हणतो, टेकवलीच होती तं जरा आडवी फिरवायची होती. माझं काम हलकं झालं असतं.

तेजस्विनी शहरातल्या शाळेत इंग्रजी शिकवते. तिने मोबाइलवरून त्याची सगळी कुंडली मले वाचून दाखवली होती, एकदा नाही, पन्नासदा. खाटकाचा पोरगा. नाटक कंपनीत पडदे ओढायले लागला, चोविसाव्या वर्षी राजाचं काम केलं, आणि लंडनात लोक त्याच्यासाठी पावसात लाइन लावून उभे राहिले. साठ पिक्चर, तीन बायका. आवाज असा की रिकाम्या हौदात उभं राहून कोणी बोलून राहिलं. नट म्हणून तो मोठाच होता, यात मी खोटं नाही बोलणार. पण चोर त्याहून मोठा होता.

चोरी काय केली ते आधी सांगतो.

एक्क्याण्णव साली त्याची कंपनी आमच्या बुऱ्हाणपूरजवळ असीरगडावर शूटिंगले आली. कॉलऱ्याच्या साथीत एका गावात अडकलेल्या पादऱ्याची गोष्ट होती. पादरी म्हणजे हाच कॉपली. आमच्या बहादरपुरात तेव्हा नाटकाची पार्टी होती, आणि माझा मोठा भाऊ कडू त्या पार्टीचा राजा. आधीची दोन लेकरं गेली होती म्हणून मायने त्याचं नाव कडू ठेवलं, कोणाची नजर नको लागायले. दिवसा केळीत राबायचा, रात्री मुकुट घालायचा. काम करणारा बी तोच, शिकवणारा बी तोच. मी चोवीस वर्षांचा होतो, मिशी काढून राणी व्हायचो. कंपनीले गर्दीत उभे राहणारे लोक पाहिजे होते, तं भाऊ सगळी पार्टी घेऊन गडावर गेला.

कॉपलीने एक दिवस भाऊचं नाटक पाहिलं. भाषा समजत नव्हती, तरी तीन घंटे मांडी घालून बसला. नाटक संपल्यावर त्याने भाऊचे दोन्ही हात धरले. तेव्हापासून तो आमच्या घरी येऊ लागला. भरीत-भाकरी खायचा, तिखटाने नाक गळायचं, पण पुन्हा मागायचा. आम्ही छाती फुगवून फिरायचो. लंडनचा नट आमच्या ओट्यावर जेवतो!

घरात मालतीवहिनी आजारी होती. भाऊची बायको, बत्तीस वर्षांची. किडनी गेलेली. आठ महिने अंगणातल्या खाटेवर होती. तिची लुगडी भाऊ स्वतः धुवायचा. लोक हसले तरी धुवायचा. आता नऊवारी लुगडं ओलं झालं की एकट्याने पिळता येत नाही. दोघं लागतात. भाऊ एक टोक स्वतः धरायचा आणि दुसरं खाटेकडे करायचा. वहिनी पडल्या पडल्या ते टोक दोन्ही हातांत घ्यायची, आणि दोघं पिळायची. तिच्यात काय जोर होता? पण तोंड चालू. "अहो राजे, नाटकात तं लय तलवार फिरवता. इथे जोर लावा की जरा!" भाऊ हसायचा. त्या घरात तेवढंच हसू उरलं होतं.

पौषात वहिनी गेली.

कॉपली तीन दिवस आमच्याकडे आला. आम्ही म्हटलं, केवढा मोठा माणूस, शूटिंग सोडून दुःखात बसायले आला. अंगणात त्याले बसायले दुसरं काही नव्हतं, तं वहिनीच्या खाटेवरच बसवला. तिसऱ्या दिवशी राख सावडून आलो. भाऊ कोणाशी बोलला नव्हता, रडला बी नव्हता. आल्या आल्या त्याने वहिनीचं शेवटचं हिरवं लुगडं काढलं, दगडावर धुतलं, एक टोक धरलं, आणि सवयीने दुसरं टोक खाटेकडे केलं.

खाटेवर कॉपली.

भाऊ मान खाली घालून उभा. हात पुढे. लुगड्यातून पाणी गळून राहिलं. तो वाट पाहून राहिला की ती धरेल. मी विहिरीवरून घागर घेऊन आलो तं हे दिसलं. कॉपली भाऊपासून हातभर लांब होता. नुसता हात वर केला असता तरी टोक हातात आलं असतं. त्याने केला नाही. तो पाहत होता. डोळे असे बारीक केलेले, जसा सोनार तोळा पाहतो. मी घागर टाकून धावलो आणि टोक धरलं. तेव्हा कुठे भाऊले समजलं की ती नाही. आणि तेव्हा तो असा ओरडला की गल्लीतली ढोरं उठून उभी राहिली.

कॉपली त्या दिवशी लवकर गेला. पुन्हा घरी आला नाही.

दोन वर्षांनी पिक्चर हिंदी आवाजात बुऱ्हाणपूरच्या टॉकीजले लागला. सगळं बहादरपूर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरून गेलं. शेवटी पादऱ्याची बायको मरते. पादरी तापीवर जातो, तिची पांढरी चादर धुतो, एक टोक धरतो, दुसरं हवेत पुढे करतो. आणि मान खाली घालून उभा राहतो. तसाच. डावा खांदा जरा उतरलेला, तो सुद्धा तसाच.

मंग मागून आमच्याच गावचा शालिग्राम ओरडला, "अरे कडू, तू तं लंडनले पोचला रे!" आणि सगळं पब्लिक हसलं. वाईट मनाने नाही हसले, मी त्यांनाही ओळखतो. पण हसले. भाऊ माझ्या बाजूच्या खुर्चीवर होता. उठला आणि निघून गेला. बहादरपूरपर्यंत पायी.

त्या साली गणपतीत आमचं नाटक होतं. भाऊ राजा, त्याचा पोरगा लढाईत मेलेला, रडायचा सीन. भाऊने नुसता हात पुढे केला, तं पुढे बसलेल्या दोघांनी उपरण्याचं टोक त्याच्याकडे केलं. पुन्हा हशा. भाऊने मुकुट काढला, राणीच्या म्हणजे माझ्या हातात दिला, आणि स्टेजवरून उतरला तो आजपर्यंत चढला नाही. पार्टी मोडली. त्या पिक्चरबद्दल कॉपलीले त्यांच्याकडचा सगळ्यात मोठा अवॉर्ड भेटला. ती चादर आता शिकवतात म्हणे, नाटकाच्या शाळांमध्ये. शिकवोत बापडे.

पण भाऊने मले एकदा केळीच्या बागेत जे सांगितलं, ते माझ्या काळजात रुतलं. म्हणे, "सुकल्या, डोळे मिटले की तो गोरा दिसतो. नदीवर, चादर घेऊन. मालती दिसतच नाही. तिच्या जागेवर तो येऊन बसला."

खाटेवर बसला होता, तसाच. त्या दिवशी मी ठरवलं की हा माणूस माझ्या तावडीत कधी ना कधी सापडला पाहिजे.

आणि सापडला की! या फेब्रुवारीत हॉटेलवाल्याचा फोन आला. "सुकलालभाऊ, तुमची बोलेरो आठ दिवस पाहिजे. विलायतेची पार्टी आहे. एका म्हाताऱ्या ॲक्टरच्या जिंदगीवर पिक्चर बनवून राहिले. और हां, एखादी इंग्रजी बोलणारी पोरगी बी पाहा." मी नाव विचारलं. त्याने सांगितलं. मी गाडी रस्त्याच्या मधातच उभी केली. मागून ट्रकवाल्याने शिव्या दिल्या, त्या बी मले आशीर्वादासारख्या वाटल्या.

तेजस्विनीने शाळेतून सुट्टी घेतली. मी तिले बजावलं, "आपण कोण ते सांगायचं नाही."

"पप्पा, प्लीज, कुछ गडबड मत करना," ती म्हणे. "बयासी साल का बुढा आहे तो."

"म्हणूनच तं घाई आहे," मी म्हटलं.

कॉपलीने मले ओळखलं नाही. तेव्हा मी नाजूक राणी होतो, आता पोट स्टीअरिंगले घासते. तो वाळला होता, हातात काठी, पण आवाज तोच. मागच्या सीटवर तो, बाजूले त्यांची डायरेक्टर बाई, पुढे माझ्याजवळ तेजस्विनी आणि कॅमेरावाला. गडाच्या चढावर कॅमेरा चालू करून बाईने त्याले चादरीचं विचारलं. तो हसला, डोळे पुसले आणि बोलू लागला. तेजस्विनी मले हळू सांगत होती. "म्हणतात, मी नऊ वर्षांचा होतो, माझी आई वारली. वडिलांनी तिची चादर धुतली आणि एक टोक हवेत धरलं. तेच मी मनात जपलं होतं."

माझ्या हातून गिअर असा पडला की गाडी किंचाळली.

घरी आल्यावर तेजस्विनी मोबाइलमध्ये खोदत बसली. घंट्याभराने बाहेर आली. चेहरा लाल. "पप्पा, हे पाहा." फोटो होता. कॉपली त्या अवॉर्डचा पुतळा धरून उभा, आणि त्याच्या दंडाले धरून एक ठेंगणी म्हातारी. खाली लिहिलेलं, आईसोबत. नऊ वर्षांचा असताना मेलेली माय पन्नाशीतल्या पोराचा अवॉर्ड पाहायले आली होती!

"आता कुछ गडबड करू का?" मी विचारलं.

"करा," ती म्हणे.

माझा प्लॅन सोपा होता. खाजकुयरी. कुंपणावर वाढते ती शेंग, तिची लव अंगाले लागली की माणूस कातडं सोलून काढायले तयार होतो. शुक्रवारी राजघाटावर तापीच्या पाण्यात तो चादरीचा सीन पुन्हा करणार होता, बयासीव्या वर्षी, कॅमेऱ्यासाठी. चादर माझ्याच गाडीत राहणार होती. मी शेंगा सुद्धा काढून ठेवल्या होत्या. हे सांगायले मी भाऊच्या बागेत गेलो. सत्तर वर्षांचा माणूस, कोयत्याने केळीची पिल्लं, बुंध्याजवळचे कोंब, काढून राहिला होता. मी कॉपली आला म्हणून सांगितलं. कोयता थांबला नाही. गाडीत तो काय बोलला ते आणि मायच्या फोटोचं सांगितलं. तेव्हा थांबला.

मंग मी खाजकुयरीचं सांगितलं.

"अंग खाजवून काय होईल?" भाऊ म्हणे. "दोन दिवसांत उतरेल."

"मंग काय करू? तू सांग."

तो लय वेळ कोयत्याच्या पात्यावरून अंगठा फिरवत बसला. "तेव्हा त्याने टोक धरलं नाही, सुकल्या. चोरी त्यानंतरची. मले ने तिथे. बाकी तू काही करू नको. शेंगा फेकून दे."

मी शेंगा फेकल्या नाहीत. पण खिशात बी घेतल्या नाहीत. भाऊचं मी ऐकतो.

शुक्रवारी सकाळी राजघाटावर बाया धुणं धुवत होत्या. डायरेक्टर बाईले ते आवडलं, म्हणे राहू द्या, खरं दिसते. कॉपली पायजमा गुडघ्यापर्यंत सारून पाण्यात उतरला. चादर भिजवली. एक टोक धरलं, दुसरं पुढे केलं, मान खाली, डावा खांदा उतरलेला. काय सांगू, मी बी टोक धरायले पाऊल पुढे टाकलं, आणि टाकलं म्हणून मले त्याचा आणखी राग आला. कॅमेरा चालू.

तेवढ्यात भाऊ पायऱ्या उतरला. धोतर, पांढरी टोपी. कोणी अडवायच्या आत पाण्यात गेला आणि त्याने ते दुसरं टोक धरलं.

कॉपलीने मान वर केली. आधी ओळख नाही. मंग तोंडावरचा रंग असा उतरला, जसा भिजलेल्या कागदावरचा उतरतो. "काडू," तो म्हणे.

"हो," भाऊ म्हणे. "पीळ."

तेजस्विनी पाण्याच्या काठाशी गेली आणि तिने ते इंग्रजीत सांगितलं. डायरेक्टर बाई काही विचारायले निघाली होती, पण तिने कॅमेरावाल्याले बोटाने खूण केली, चालू ठेव. शहाणी बाई.

भाऊने चादर उजवीकडे पिळली. कॉपलीने भाऊच्या हाताकडे पाहिलं आणि जशाला तसं केलं. भाऊचा हात ज्या अंगाले फिरला, त्याने बी आपला त्याच अंगाले फिरवला. आता ज्याने जन्मात एक कपडा पिळला, त्याले माहीत आहे, समोरच्याने उलटं फिरवलं तं पीळ बसतो. दोघांनी एकाच अंगाले फिरवलं तं कपडा नुसता गरगर फिरतो. चादर फिरू लागली. थेंब पडेना.

राजपुऱ्याची कोकिळाबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "अगं माय! बुढे चादरीले झोका देऊन राहिले काय?" बाया खदखदून हसल्या. "बाबा, घरी कधी बायकोले हात नाही लावू लागले का?" दुसरी म्हणे, "तीन होत्या म्हणे. तिघींनी बी शिकवलं नाही!" ते मीच सकाळी त्यांना सांगून ठेवलं होतं. तेवढी तं सूट मले पाहिजे ना.

"उलटं, साहेब," भाऊ म्हणे. "तुझ्या उजव्या हाताकडे. चौतीस वर्षं याच्यावर भाकर खाल्ली. मंग पिळता कसं येत नाही?"

तेजस्विनीने शब्दाले शब्द सांगितला. कॉपलीने टोक सोडायले पाहिलं. भाऊने चादर अशी ओढली की तो दोन पावलं खोल आला.

"सोडायचं नाही. तेव्हा धरलं नाही, आता सोडायचं नाही."

"मोठेबाबा, पडतील ते," तेजस्विनी म्हणे.

"पडू दे. पाणी गुडघ्याएवढं आहे."

कॉपली बोलू लागला तेव्हा त्याचा आवाज आधीसारखा हौदातला नव्हता. तेजस्विनी सांगत गेली. "म्हणतात, नट सगळीकडून घेतो. चालणं घेतो, रडणं घेतो. तू पण नट होतास, तुला माहीत आहे. म्हणतात, मी ते घेतलं नसतं तर ते त्या अंगणातच मरून गेलं असतं. मी ते जगाला दाखवलं."

भाऊने चादर हातावर आणखी एक वेढा घेतला. "मरू द्यायचं होतं," तो म्हणे. "माझं होतं ते. मले पुरलं असतं."

घाटावरचं हसणं थांबलं. कोकिळाबाईने कमरेवरचे हात काढले.

"ज्या खाटेवर तू बसला होता," भाऊ म्हणे, "ती कोणाची होती? तिच्या घरची भाकर खाल्ली तू. नाव सांग तिचं."

कॉपलीले नाव आठवेना. त्याने भाऊकडे पाहिलं, तेजस्विनीकडे पाहिलं, कॅमेऱ्याकडे पाहिलं. हजारो ओळी पाठ असलेला माणूस. चौतीस वर्षं ज्या बाईच्या मरणावर जगला, तिचं नाव त्याले सांगता येईना.

"मालती," भाऊ म्हणे. "बोल."

"माल्टी."

"तसं नाही. जीभ दाताले लाव. परत."

आणि मले जुने दिवस दिसू लागले, जेव्हा भाऊ आमच्याकडून संवाद घोटून घ्यायचा. तसाच उभा, तसाच तापट. कॉपलीने पुन्हा म्हटलं. भाऊ म्हणे, परत. अकरा वेळा मोजलं मी. बाराव्या वेळी नाव नीट आलं. घाटावर सगळ्यांना ऐकू गेलं, मालती.

"आता त्या कॅमेऱ्याच्या डब्यात पाहून सांग, की हे कोणाचं होतं आणि तुझ्या बापाचं नव्हतं."

कॉपलीने सांगितलं. हळू सांगितलं, पण सांगितलं. बहादरपूर हे नाव मले त्याच्या तोंडून समजलं. मंग भाऊने टोक सोडलं, आणि कॉपली आपल्याच भाराने मागे पाण्यात बसला. मी आणि कॅमेरावाल्याने त्याले उचलून गाडीत ठेवला, टॉवेलात गुंडाळून. मी टॉवेल जरा जोरातच आवळला.

पण काम तिथे संपलं नाही. डायरेक्टर बाई एक कागद घेऊन आली. भाऊची सही पाहिजे होती. सही असेल तं हा सीन पिक्चरमध्ये लागेल, नाही तं पुसून टाकावा लागेल. कॉपलीने स्वतःचे कागद आधीच लिहून दिले होते, त्याच्या हातात काही नव्हतं. तो गाडीच्या काचेतून ओरडून राहिला होता, पुसा म्हणून. म्हणजे भाऊने सही केली नाही की कॉपली सुटला.

मी भाऊले बाजूले घेतलं. मलेच भीती वाटली. "भाऊ, हे आता जगभर जाईल. पुन्हा सगळे तुले पाहतील. पुन्हा कोणी शालिग्राम ओरडेल."

भाऊ पायरीवर बसला. ओलं धोतर पिळलं, एकट्याने जेवढं पिळलं जाते तेवढं. मले वाटलं, नाहीच म्हणणार. बाई कागद घेऊन उभी. गाडीत तो ओरडायचं थांबून आमच्याकडे पाहून राहिला होता.

"तेव्हा मले न विचारता दाखवलं," भाऊ म्हणे. "आता माझ्या सहीने दाखवतील. पेन आण."

"त्यांना काही अट सांगायची का, मोठेबाबा?" तेजस्विनीने विचारलं.

"हो. सांग बाईले. गाडीत हा बापाचं आणि मायच्या मरणाचं जे बोलला, ते कापायचं नाही. पिक्चरमध्ये आधी ते दाखवायचं. त्याच्यानंतर त्याच्या मायचा फोटो, अवॉर्डवाला, चांगला मोठा करून. कोणी काही बोलायचं नाही, नुसता फोटो. मंग हा घाट." भाऊने हाताने हवेत तीन जागा दाखवल्या, जशा स्टेजवर दाखवायचा. "या क्रमाने. नाही तं सही नाही."

तेजस्विनीने सांगितलं, मोबाइलमधला फोटो दाखवला. बाई फोटोकडे पाहत राहिली. मंग गाडीकडे पाहिलं. मंग खाली वाकून तिने ती अट कागदावर स्वतःच्या हाताने लिहिली आणि आपली सही आधी केली. भाऊने तेजस्विनीकडून सगळं दोनदा वाचून घेतलं, आणि खाली नाव लिहिलं.

घरी सोडताना मी त्याले विचारलं, "आता दिसते का रे वहिनी?"

"अजून नाही," भाऊ म्हणे. "पण तो बी दिसून नाही राहिला. जागा रिकामी झाली."

दुसऱ्या दिवशी कॉपलीले इंदूरच्या विमानावर सोडायचं होतं. बाई आणि कॅमेरावाला दोन दिवस थांबणार होते, तं गाडीत तो आणि मी. आता मी कोण ते त्याले समजलं होतं. एक शब्द बोलला नाही. मी बी बोललो नाही, मले त्याची भाषा येत नाही आणि माझी त्याले शिकवायची नव्हती. पण बुऱ्हाणपूर ते इंदूर, पाच घंट्यांत रस्त्यातला एक खड्डा मी सोडला नाही. नवीन रोडवर जिथे खड्डा नव्हता, तिथे मी साइडपट्टीवरून नेली.

खंडव्याच्या पुढे मागून आवाज बंद झाला. कण्हणं नाही, काठीची खटखट नाही. मले वाटलं, गेला की काय. आरशात पाहिलं.

जिवंत होता. सीटच्या कडेवर बसून माझ्या त्याच आरशात स्वतःले पाहत होता. जबडा आवळलेला. डोळे अर्धे मिटलेले. मान जरा पुढे, जशी काल पाण्यात भाऊची होती, "सोडायचं नाही" म्हणताना. दोन्ही हात मांडीवर, आणि ते हात हवेत पिळत होते. या वेळी बरोबर पिळत होते. ओठ हळूहळू हलत होते, आणि जीभ दाताले लागून राहिली होती.

म्हाताऱ्याने भाऊचा राग बी घेतला होता. घरी घेऊन चालला होता.

मी हात वर केला आणि आरसा छताकडे फिरवून दिला. मागे काय चाललं ते आता मले दिसत नव्हतं, आणि त्याले बी. पुढे रस्ता खोदलेला होता. ब्रेकवरचा पाय मी काढून घेतला.